तीन पायांची पट्टी

कडुबा हिवराळे वाळूजच्या एका कारखान्याची शिफ्टची बस चालवायचा. गारखेड्यातून, सिडकोतून माणसं उचलायची, वेळेत गेटवर सोडायची, शिफ्ट सुटेपर्यंत तिथंच गाडीजवळ थांबायचं आणि सुटलेली माणसं परत आणायची. एकतीस वर्षं त्यानं हेच केलं. मूळचा तो कन्नडकडचा, पिशोरचा. त्याच्या आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं त्याचं नाव कडुबा ठेवलं. कडू म्हटलं की मरण हात लावत नाही, असं तिला वाटायचं. स्वतःच्या मुलीच्या वेळी मात्र त्यानं असलं काही मनात आणलं नाही. एकच मुलगी. तिचं नाव मेघा ठेवलं.

मेघा सव्वीस वर्षांची होती. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी संध्याकाळी तिचं अंग मोडून आलं. बुधवारी ती घरी राहिली. गुरुवारी कामावर गेली. शुक्रवारी तिला दवाखान्यात नेलं तेव्हा डेंग्यू निघाला. मग रोज रक्त तपासायचं, रोज पेशींचा आकडा खाली. सोमवारी सकाळी ती गेली.

त्या आठवड्यात कडुबाची दुसरी पाळी होती, म्हणून गुरुवारी सकाळी तो घरीच होता. मेघाची आई, रत्नमाला, स्वयंपाकघरातून म्हणाली होती, "आज नगं जाऊस." मेघा तोवर चपला घालून दारात उभी होती. मघाशी कुणाचा तरी फोन आला होता आणि ती घाईत होती. ती बापाला म्हणाली, "पप्पा, सोडता का? गोळी घेतलीय." कडुबानं स्कूटरची चावी घेतली. "घाम आला की उतरंल ताप," असं तो रत्नमालाला म्हणाला. वाटेत मेघानं त्याच्या पाठीवर डोकं टेकलं. शर्टातून पाठीला चटका बसावा इतकं तिचं कपाळ तापलेलं होतं. सिग्नलला गाडी वळवून घरी न्यावी, असं त्याच्या मनात येऊन गेलं. सिग्नल सुटला आणि तो सरळ गेला.

मेघाच्या जलदान विधीला पिशोरचे, कन्नडचे सगळे नातेवाईक आले, दोन दिवस राहिले आणि गेले. मग घरात दोघंच उरली. रत्नमालानं त्याला एका शब्दानंही दोष दिला नाही. ती फक्त कामापुरतं बोलायची. वाढलंय. गॅस संपलाय. पाणी आलंय. ती रडलीही नाही. कडुबाला वाटायचं, हिनं एकदा तरी म्हणावं की तुम्हीच नेलंत तिला. ती म्हणत नव्हती, आणि त्यालाही विषय काढायचा धीर होत नव्हता.

तीन आठवड्यांनी मेघाच्या ऑफिसातून फोन आला. मेघाच्या खणात तिच्या वस्तू आहेत, नवीन मुलगी रुजू होणार आहे, तर घेऊन जाल का, असं एक बाई विचारत होती. कडुबा दुसऱ्या दिवशी गेला.

ऑफिस गारखेड्यातच होतं, औषधांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. त्या जिन्याखाली त्यानं मेघाला कितीदा सोडलं होतं, पण वर तो कधी चढला नव्हता. मुलगी काय करते म्हणून कुणी विचारलं तर तो "कॉम्प्युटरवर हाय" एवढंच सांगायचा.

फोन केलेली बाई म्हणजे स्वरदा कुलकर्णी. तिशीची असेल. मेघाचं आणि आणखी चौघांचं काम तीच बघायची. तिनं कडुबाला खुर्ची दिली, पाण्याचा ग्लास पुढं ठेवला. कडुबानं ग्लासाला हात लावला नाही.

"मॅडम, एक विचारायचंय."

"विचारा ना, काका."

"त्या गुरवारी तुम्ही बोलावलं व्हतं का तिला? फोन करून?"

स्वरदानं टेबलावरचा स्टेपलर उचलून दुसरीकडे ठेवला. "नाही काका. ती आपणहून आली."

कडुबानं मान हलवली. जिना चढताना त्याला वाटत होतं की ही बाई हो म्हणेल, मग आपण चार शब्द बोलू, भांडू, आणि काहीतरी हलकं होईल. आता भांडायलाही कुणी उरलं नाही. तिला स्कूटरवर बसवून इथवर आणणारा तोच होता.

स्वरदानं एक कापडी पिशवी त्याच्यापुढं ठेवली. आत मेघाची शाल होती, कंगवा, चार्जर, चहाचा मग आणि एक दोनशे पानी वही. पिशवी घेऊन उठताना कडुबाचं लक्ष भिंतीकडे गेलं. भिंतभर छापलेल्या ढाली लावल्या होत्या. कुठं उभा राहिलेला सिंह, कुठं गरुड, कुठं तीन फुलं, कुठं नुसतेच पट्टे.

"हे काय हाय?"

"हेच आमचं काम. ही कुलचिन्हं आहेत, काका. इंग्लंड, स्कॉटलंड, जर्मनी, तिकडच्या घराण्यांच्या ढाली. जुन्या पुस्तकांतली पुसट चित्रं येतात, ती आम्ही कॉम्प्युटरवर नव्यानं काढून पाठवतो. तिकडचे लोक अंगठीवर, मगवर, दारावरच्या पाटीवर छापून घेतात."

"म्हंजी राजेलोकांची?"

"काही राजांची, काही सरदारांची. आता साधी माणसंही हौसेनं स्वतःची करून घेतात."

"अन् मेघा हे काढायची?"

"सगळ्यांत चांगलं तीच काढायची. सिंहाचे पंजे आले की आम्ही तिच्याकडेच पाठवायचो."

कडुबाला आठवलं. एकदा जेवताना मेघा म्हणाली होती, "आज अकरा सिंह काढले, पप्पा." काहीतरी गंमत करतेय असं समजून तो हसला होता आणि भाजी मागितली होती. पुढं विचारलं नव्हतं.

"ती वही," स्वरदा म्हणाली, "आमच्याही उपयोगाची आहे. नवीन मुलं येतात, त्यांना यातलं काहीच माहीत नसतं. तिकडून आलेली माहिती सगळी इंग्रजीत, तीही जुन्या इंग्रजीत. मेघा म्हणाली, मी मराठीत लिहून काढते. अर्धी झाली होती. झेरॉक्स काढून घेऊ का?"

कडुबानं पिशवी छातीशी धरली. "नंतर देतो," तो म्हणाला आणि जिना उतरला.

घरी त्यानं शाल रत्नमालाच्या हातात दिली. तिनं ती घडी न मोडता कपाटात ठेवली. वहीबद्दल तो बोलला नाही. ती त्यानं बसमध्ये, ड्रायव्हरच्या सीटमागच्या कप्प्यात ठेवली.

वाळूजला माणसं उतरली की गाडी गेटबाहेर बाभळीखाली लागायची. बाकीचे ड्रायव्हर पत्ते खेळायचे, झोपायचे. कडुबानं तिथं वही उघडली. तो सातवी शिकलेला. मराठी नीट वाचता यायचं. पहिल्या पानावर मेघाच्या मोठ्या, गोल अक्षरात लिहिलं होतं, 'नवीन येणाऱ्यांसाठी'. खाली मजकूर होता.

'पहिल्या दिवशी घाबरू नका. मलाही काही कळलं नव्हतं. साताठशे वर्षांपूर्वी तिकडचे लढवय्ये डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात असायचे. तोंडसुद्धा झाकलेलं. आपला कोण, परका कोण, कळायचं नाही. म्हणून ढालीवर चित्र आलं. तोंड दिसत नाही ना, मग ढाल बघा. बाकी सगळे नियम यातूनच निघालेत.'

कडुबानं तेवढंच वाचलं आणि वही मिटली. मेघा बोलायची तसंच लिहिलेलं होतं. एक पान वाचायचं आणि थांबायचं, असं त्यानं ठरवलं. वही लवकर संपायला नको होती.

दुसऱ्या दिवशी रंगांचं पान आलं. 'पिवळा म्हणजे सोनं, पांढरा म्हणजे चांदी. हे दोन धातू. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. धातूवर धातू काढायचा नाही, रंगावर रंग काढायचा नाही. निळ्यावर काळा सिंह काढला तर लांबून तो सिंह आहे की शेळी, कोण सांगणार? पिवळ्यावर काळा काढा. माझ्या पप्पांच्या बसची नंबर प्लेट तशीच असते.' कडुबा खाली उतरला आणि प्लेटसमोर जाऊन उभा राहिला. पत्ते खेळणाऱ्यांपैकी एकानं विचारलं, "काय झालं, हिवराळे? टायर बसला का?" तो नाही म्हणाला.

तिसऱ्या पानावर उजव्या-डाव्या बाजूचं होतं. 'ढालीची उजवी बाजू म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी. आपण समोरून बघतो, म्हणून स्क्रीनवर ती आपल्या डावीकडे येते. नव्या मुलांच्या निम्म्या चुका इथंच होतात. मलाही समजत नव्हतं. पप्पांना विचारलं तर ते म्हणाले, ड्रायव्हर साइड अन् क्लीनर साइड. आत बसून बघायचं.'

तिनं खरंच विचारलं होतं. तो अंगणात हात धूत होता आणि ती म्हणाली होती, "पप्पा, बसची उजवी बाजू म्हणजे कोणाची उजवी?" कशाला विचारतेय, हे त्यानं तेव्हाही विचारलं नव्हतं.

आठवड्याभरात त्यानं एक नवी वही आणली आणि मेघाचं लिखाण त्यात उतरवायला घेतलं. ऑफिसला वही हवी होती, आणि मेघाच्या हातची त्याला द्यायची नव्हती. अक्षरं जमली, चित्रांचं काय करायचं? ते मेघानंच पुढं लिहून ठेवलं होतं. 'जवळ रंग नसतील तर सोन्यासाठी ठिपके द्या, चांदी कोरी सोडा, लालसाठी उभ्या रेघा, निळ्यासाठी आडव्या. जुने लोक तांब्यावर, दगडावर असंच कोरायचे.' कडुबा निळ्या बॉलपेननं ठिपके देत बसू लागला. स्टेअरिंगवर वही टेकवून एक सिंह काढायला त्याला दोन दिवस लागायचे. तो सिंहासारखा दिसायचाही नाही.

अडलं की तो स्वरदाकडे जायचा. सकाळची पाळी असली की चारच्या सुमाराला सुटायचा, जिना चढायचा, वहीतला एखादा शब्द दाखवायचा. स्वरदा काम बाजूला ठेवून सांगायची. चालणारा सिंह वेगळा, पंजे उगारलेला वेगळा. ढालीवर काहीच न काढता नुसता एक रंग ठेवला तरी ती पुरी ढाल असते. कडुबा तिला आता मॅडम म्हणत नव्हता, पोरी म्हणायचा. ती मात्र त्याच्या डोळ्याला डोळा न देता, वहीकडे बघून बोलायची. तो दर वेळी मेघाबद्दल काहीतरी विचारायचा. डबा कुठं बसून खायची? गाणी ऐकायची का? स्वरदा सगळं सांगायची.

दिवाळीच्या सुमाराला वहीचं शेवटचं लिहिलेलं पान आलं. घरातल्या माणसांच्या खुणांबद्दल होतं ते.

'लग्न झालं की ढालीचे उभे दोन भाग करतात. उजवीकडे नवऱ्याचं चिन्ह, डावीकडे बायकोच्या माहेरचं. थोरला मुलगा बापाचीच ढाल धरतो, पण बाप जिवंत असेपर्यंत तिच्यावर वरच्या बाजूला तीन पायांची एक आडवी पट्टी लावतो. केस विंचरायच्या फणीसारखी दिसते. बाप गेला की पट्टी काढतो. मुलींना ढाल नसते, कारण मुली लढायला जात नव्हत्या. त्यांना पत्त्यातल्या चौकटचा आकार देतात. मुलींना पट्टीही नसते.'

त्याखाली दोन चित्रं होती. पहिली ढाल, उभी दुभागलेली. उजव्या भागात निळ्या जमिनीवर तीन आऱ्यांचं सोन्याचं चाक. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'लोक धम्मचक्र समजतील. समजू देत. हे पप्पांचं स्टेअरिंग आहे.' डावा भाग रिकामा होता. त्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'आईचं काय घ्यायचं? तिला विचारायचं.'

दुसरं चित्र चौकटच्या आकाराचं. त्यातही तेच निळ्यावरचं सोन्याचं चाक, आणि त्याच्या वरच्या बाजूला तीन पायांची पांढरी पट्टी. खाली लिहिलं होतं, 'नियमात बसत नाही. पण आमच्या घरात थोरली मीच आणि धाकटीही मीच. मी लावणार.'

त्या दिवशी शिफ्ट सुटली, माणसं गाडीत येऊन बसली, तरी कडुबानं गाडी सुरू केली नाही. मागून कुणीतरी हाक मारली तेव्हा त्यानं चावी फिरवली. गारखेड्याला शेवटची माणसं उतरवून तो थेट ऑफिसात गेला. स्वरदापुढं ते पान उघडलं आणि पट्टीवर बोट ठेवलं.

"पोरी, बाप गेला तर पोरगं ही पट्टी काढतं. पोरगंच आधी गेलं तर? मग काढायची का ठेवायची?"

स्वरदा पानाकडे बघत राहिली. "मला माहीत नाही, काका."

"पुस्तकात बघ ना. तिकडच्या लोकांनी कायतरी लिव्हलं असंल. त्यांची बी पोरं गेली असतील."

स्वरदा उठून बाहेर गॅलरीत गेली. कडुबा थोडा वेळ थांबला. ती आत येत नाही असं बघून त्यानं वही मिटली आणि घरी गेला. आपण भलतंच विचारलं असं त्याला वाटलं.

त्या रविवारी सकाळी स्वरदा त्याच्या घरी आली. पत्ता तिनं ऑफिसच्या कागदांतून घेतला होता. रत्नमालानं दार उघडलं, ऑफिसातली मुलगी म्हटल्यावर तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि चहा टाकायला आत गेली. कडुबा नुकताच आंघोळ करून आला होता. स्वरदा खुर्चीच्या टोकावर बसली होती. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी मेघाचा फोटो होता. फोटोकडे बघायचं टाळून ती जमिनीकडे बघत होती.

"काका, मी तुमच्याशी खोटं बोलले," ती म्हणाली.

कडुबा टॉवेल हातात घेऊन उभाच राहिला.

"त्या गुरुवारी मी फोन केला होता. सकाळी साडेआठला. एक काम त्या दिवशी पाठवायचं होतं आणि त्यातले सिंह कुणाला जमत नव्हते. ती म्हणाली, ताप आहे. मी म्हटलं, दोन तास ये, मग जा. दोन तासांत झालं नाही. ती संध्याकाळी सहापर्यंत बसली. मधे तिला थंडी वाजत होती, तर मी एसी बंद केला. एवढंच केलं मी. घरी जा म्हटलं नाही."

बाहेर गल्लीत भाजीवाला ओरडत गेला.

"मला रोज वाटायचं, सांगावं. तुम्ही वही घेऊन यायचात. परवा तुम्ही ते विचारलंत, आणि मग मला राहवलं नाही."

कडुबा भिंतीला टेकून खाली बसला. महिन्याभरापूर्वी हेच ऐकायला तो जिना चढून गेला होता. तेव्हा हे कळलं असतं तर त्यानं टेबल उलथवलं असतं, पोलिसांत गेला असता. आता समोर ही मुलगी बसली होती, जिला तो पोरी म्हणायचा.

"तू फोन केलास," तो म्हणाला. "तिनं मला इचारलं, पप्पा सोडता का. मी सोडलं. पाठीला चटके बसत व्हते तिच्या कपाळाचे. मला कळत व्हतं. तरी सोडलं. ती गाडीवरून उतरली तवा लई दमून उतरली. मी म्हणलं, जाय, उशीर व्हतोय."

हे तो आजवर कुणापुढंच बोलला नव्हता. बोलून झाल्यावर त्याला दिसलं की स्वयंपाकघराच्या दारात रत्नमाला उभी आहे. हातात चहाचा ट्रे होता. तिनं सगळं ऐकलं होतं.

कडुबाला वाटलं, आता ती बोलेल. इतके दिवस दाबून धरलेलं सगळं आता बाहेर येईल. स्वरदा उठून उभी राहिली.

रत्नमालानं ट्रे खाली ठेवला. "बस गं," ती स्वरदाला म्हणाली. मग स्वतःही जमिनीवर बसली, पदर गुडघ्यांवर ओढून.

"डबा म्या भरला," ती म्हणाली. "तिला ताप व्हता, ठावं व्हतं मला. नगं जाऊस म्हणलं, अन् म्हणता म्हणता डबा भरला. मेथीची भाजी अन् दोन पोळ्या. जायचंच नसतं तर डबा कशाला भरला म्या? चपला धरून ठेवायच्या व्हत्या. म्या डबा दिला हातात."

"मेघाची आई," कडुबा म्हणाला.

"तुमी मनात धरलं असंल, मी तुमच्यावर राग धरलाय म्हणून. राग न्हवता. मला वाटायचं, तुमी इचारताल. डबा कुणी भरला म्हणून इचारताल. म्हणून म्या बोलत न्हवते."

दोन महिने दोघं एका घरात राहत होती, आणि दोघं एकमेकांच्या प्रश्नाला भीत होती. कडुबा उठला, बाहेर जाऊन स्कूटरच्या डिकीत ठेवलेली मेघाची वही घेऊन आला आणि रत्नमालापुढं ठेवली. "तिनं लिव्हलंय. तुला दाखवायचं व्हतं, पण शेवटच्या पानाला भेलो."

रत्नमाला चौथी शिकलेली. अक्षर जुळवत, बोट फिरवत वाचायची. तिनं शेवटचं पानच आधी उघडायला सांगितलं. कडुबानं तिला स्टेअरिंग दाखवलं, उजवी-डावी बाजू समजावली, पट्टी समजावली. ती ऐकत होती की नाही, कळत नव्हतं. तिचं बोट रिकाम्या अर्ध्या भागावर थांबलं होतं.

"आईचं... काय... घ्यायचं," तिनं वाचलं. "तिला... विचारायचं."

ती पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचायला लागली आणि मधेच थांबली.

"नाय इचारलं तिनं," ती म्हणाली. "मला नाय इचारलं."

आणि मेघा गेल्यापासून पहिल्यांदा ती रडली. मोठ्यानं, हमसून हमसून, वहीवर पाणी पडू नये म्हणून वही एका हातानं लांब धरून. कडुबानं वही तिच्या हातातून घेतली. स्वरदा तिच्याजवळ जाऊन बसली, पण हात लावायचं धाडस तिला झालं नाही. मग रत्नमालानंच तिचं मनगट धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. चहा गार झाला. तो कुणी प्यायलं नाही.

स्वरदा निघाली तेव्हा कडुबानं तिला स्वतः उतरवलेली वही दिली. सगळं जसंच्या तसं होतं, फक्त शेवटचं पान त्यानं उतरवलं नव्हतं. स्वरदानं दारातच ती उघडून त्याचे ठिपक्यांचे सिंह बघितले. "छान आलेत, काका," ती म्हणाली. ते छान आले नव्हते, हे दोघांनाही माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात रत्नमाला म्हणाली, "ती कुठं बसायची ते मला बघायचंय." कडुबाच्या सुट्टीच्या दिवशी दोघं गेली. जिना चढताना रत्नमाला प्रत्येक पायरीवर थांबत होती. वर मेघाच्या जागेवर एक नवी मुलगी बसली होती, संध्या नावाची, फुलंब्रीकडून येणारी. स्वरदानं तिच्या कानात काही सांगितलं तशी ती पटकन उठून उभी राहिली.

"बस, बाई," रत्नमाला म्हणाली. "तुजं काम कर. म्या नुसती बघते."

संध्या बसली. रत्नमाला तिच्या खुर्चीमागं उभी राहिली. स्क्रीनवर लाल ढाल होती आणि तिच्यावर अर्धवट काढलेला पांढरा पक्षी.

"हे कोणाचं?"

"माहीत नाही, मावशी. तिकडच्या कुणाचं तरी."

"हळदीसारखं पिवळं नाय का लावत ह्याला?"

"पांढराच सांगितलाय. पिवळा पण चालतो." संध्यानं मेजावरच्या, कडुबाच्या वहीच्या झेरॉक्सच्या पानांकडे बोट केलं. "धातू आहे ना."

रत्नमाला पाऊण तास तशीच उभी होती. मुलीचा हात कसा फिरतो, पंखाची एक एक रेघ कशी उमटते, हे ती बघत होती. कुणी खुर्ची आणून दिली, तर ती बसली नाही. निघताना ती स्वरदाजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "हिला बरं नसलं तर घरी धाडत जा."

"हो काकू," स्वरदा म्हणाली.

खाली उतरताना पहिल्या मजल्यावर रत्नमाला थांबली. ती पायरीवर बसली. कडुबाही तिच्याशेजारी बसला. वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या क्लासची मुलं दप्तरं घेऊन उतरत होती. जागा व्हावी म्हणून दोघं भिंतीकडे सरकली, आणि मुलं एकेक करून त्यांच्या बाजूनं खाली गेली.